सामना किती वाजता, ते आधी सांगा!

तुम्ही कधी न खेळता हरला आहात?

मी एका संघाला तसं हरताना बघितलंय. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात कुमार-कुमारी गटाची कबड्डी स्पर्धा सुरू होती. सकाळी साडेनऊला शेजारच्या तालुक्यातला मुलींचा संघ मैदानावर पोचला. पहाटेची एसटी, मध्ये एकदा गाडी बदललेली, पाठीला सॅक, हातात डबे. पोचल्या पोचल्या मुली कडेला बसून बुटांच्या लेस बांधायला लागल्या. तेवढ्यात गुणलेखकाच्या टेबलावरून त्यांच्या सरांना बोलावणं आलं. त्यांचा सामना आदल्या दिवशी संध्याकाळीच पुकारला होता. संघ हजर नाही म्हणून समोरच्या संघाला पुढे चाल देऊनही झाली होती.

सरांनी मोबाइल काढून वेळापत्रक दाखवलं. त्यावर आजची तारीख, सकाळचे दहा. आयोजकांनी त्यांचा मोबाइल काढला. त्यावर कालची तारीख, संध्याकाळचे सहा. दोन्ही पोस्टर एकाच स्पर्धेची, त्याच सोनेरी अक्षरांतली, वर तोच डरकाळी फोडणारा सिंह. झालं होतं एवढंच, की वेळापत्रक बदललं, बदललेलं चित्र वेबसाइटवर चढवलं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर जुनंच फिरत राहिलं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. मुलींनी लेस सोडल्या आणि दुपारच्या गाडीने त्या परत गेल्या.

मी तेव्हा सुट्टीत घरी आलेली, मैदानावर नुसतीच उभी. ती सकाळ डोक्यातून जात नव्हती. म्हणून गेल्या दिवाळीत मंडळाच्या सचिवकाकांनी मला हाक मारून ‘तू मास कम्युनिकेशन करतीस न्हवं? मग आमची वेबसाइट नवी करून दे, लोगोबिगो पण बघ’ असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. (मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या पोरीला वेबसाइट, फ्लेक्स, लग्नाचा व्हिडिओ आणि वाय-फायची दुरुस्ती हे सगळं येतं, असा आपल्याकडे सर्वमान्य समज आहे.) मला येत होता तो मजकूर. वेबसाइटसाठी बीसीएस करणारा मावसभाऊ आणि डिझाइनसाठी पुण्यात उपयोजित कला शिकणारी मैत्रीण, असे आम्ही तिघं कामाला लागलो. फुकटात, अर्थातच.

‘टीव्हीवर दिसते तशी पायजे’

पहिली बैठक मंडळाच्या खोलीत झाली. चहा, बिस्किटं आणि मागण्यांची यादी. लोगो सोनेरी हवा. सिंह राहिला पाहिजे, पण थ्रीडी. उघडल्या उघडल्या व्हिडिओ सुरू झाला पाहिजे. वर आश्रयदात्यांचे फोटो, त्याखाली शुभेच्छुकांचे, त्याखाली कार्यकारिणीचे. अध्यक्ष तात्यांनी थोडक्यात सांगितलं, ‘टीव्हीवर दिसते तशी पायजे बघ.’

तात्यांना हसू नका. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झोतात, घराघरांत पोचला. खेळ तोच, पण खेळाडूकडे बघायची लोकांची नजर बदलली. ही ब्रँडिंगची ताकद खरीच आहे. आपल्या गावच्या पोरांनाही तसा मान मिळावा असं तात्यांना वाटत असेल, तर त्यात चूक काय?

अडचण वेगळी होती. त्या यादीतल्या अकरा मागण्यांमध्ये एकदाही ‘खेळाडू’ हा शब्द नव्हता. मी वहीत तसं लिहून ठेवलं, बोलले मात्र नाही. पहिल्याच बैठकीत एवढी हिंमत कुणाची होते?

वहीतले प्रश्न

त्याऐवजी आम्ही फोन लावले. आधीच्या दोन वर्षांत आलेल्या संघांच्या प्रशिक्षकांना, आणि दोन ठिकाणी सरावाच्या मैदानावर जाऊन थेट खेळाडूंना एकच प्रश्न विचारला : या स्पर्धेची वेबसाइट उघडलीस, तर पहिल्यांदा काय शोधशील?

विचारायच्या आधी आम्ही तिघांनी आपापला अंदाज कागदावर लिहून ठेवला होता. मी लिहिलं होतं ‘फोटो’, मावसभावाने ‘लाइव्ह स्कोअर’, मैत्रिणीने ‘बक्षिसाची रक्कम’. तिघंही नापास!

उत्तरं अशी आली. आमचा सामना किती वाजता? मैदान कुठलं, मॅट क्रमांक एक की दोन? कपडे बदलायला बंद खोली आहे का? (हा प्रश्न प्रत्येक मुलीने विचारला. मुलांपैकी एकानेही नाही.) वजन कधी करणार, म्हणजे जेवावं की थांबावं? संध्याकाळचा सामना लांबला तर शेवटची एसटी मिळेल का? रात्री राहायचं झालं तर मुलींसोबत बाई कोण आहेत, असं एका आईने विचारलं. आणि एक मुलगा म्हणाला, ‘मागच्या वर्षी मी उत्कृष्ट चढाईपटू ठरलो होतो. मामाला दाखवायला गूगलवर माझं नाव टाकलं, तर काहीच येत नाही.’

न खेळता परत गेलेल्या त्या संघाच्या सरांनाही मी फोन केला. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, ‘पोस्टर भारी होतं हो. इतकं भारी, की आम्हाला वाटलं हेच फायनल.’

या एका वाक्याने मला सेमिस्टरभराच्या डिझाइनच्या तासांपेक्षा जास्त शिकवलं. चकचकीत दिसणारी गोष्ट लोकांना खरी वाटते. म्हणून ती चुकीची असली, की नुकसानही मोठं होतं. हातानं लिहिलेला कागद असता, तर सरांनी एक फोन करून खात्री केली असती.

आणि मग ती यादी सापडली

जुनी वेबसाइट उतरवताना मावसभाऊ रात्री अकराला मला म्हणाला, ‘हे बघ जरा.’ एक पीडीएफ होती : सहभागी खेळाडूंची यादी. नाव, पूर्ण जन्मतारीख, शाळा, घरचा मोबाइल नंबर, आधार क्रमांक. पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली. कुठलाही पासवर्ड नाही. लिंक मिळाली की कुणीही उघडावी.

त्या यादीत माझ्या मामेबहिणीचं नाव होतं.

तिला त्या हंगामानंतर काही दिवस अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. ते या यादीमुळेच आले, असं मी म्हणू शकत नाही, कारण मला ते सिद्ध करता येणार नाही. पण दार उघडं होतं, हे मात्र डोळ्यांनी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सचिवकाकांसमोर फोन धरला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, आपल्याच पोरी हायत त्या, आम्ही कशाला कुणाचं वाईट बघू?’ आणि ते खरंच होतं. यादी लावण्यामागे वाईट हेतू नव्हताच. वयावरून दरवर्षी भांडणं होतात, वीस वर्षांचा बाप्या सतरा सांगून खेळतो अशा तक्रारी येतात. सगळं उघड ठेवलं तर कुणी बोट दाखवणार नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता. मी त्यांना म्हटलं, ‘काका, यातला बाराव्या नंबरवरचा मोबाइल लावून बघा.’ त्यांनी लावला. पलीकडून माझ्या मामीचा आवाज आला. काका काही बोलले नाहीत. त्याच दुपारी यादी उतरली. सर्च इंजिनच्या निकालातून ती काढण्यासाठी मावसभावाने वेगळी विनंती पाठवली, कारण वेबसाइटवरून पान काढलं तरी शोध-निकालात त्याची खूण काही काळ राहू शकते.

हे नुसतं चांगुलपणाचं काम नाही. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे, आणि तिची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कुमार गटाची स्पर्धा म्हणजे बहुतेक खेळाडू त्यात आलेच.

मग वयाचा पुरावा कसा बघायचा? आम्ही ठरवलं : कागदपत्रं नोंदणीच्या टेबलावर मूळ प्रत दाखवायची, दोन पंचांनी बघायची, सही करायची आणि जागेवरच परत द्यायची. आधार दाखवायचंच असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार चालतं. वेबसाइटवर फक्त नाव, संघ आणि जर्सीचा क्रमांक. तेही पालकांनी अर्जावर होकार दिला असेल तरच. नाहीतर नुसता जर्सी क्रमांक.

इथे एक पेच होता, तो तुमच्यापासून लपवत नाही. त्या चढाईपटू मुलाला स्वतःचं नाव गूगलवर हवं होतं. मला मामेबहिणीचा नंबर तिथे नको होता. दोघांची मागणी रास्त. यावर डिझाइनचं कुठलंही पुस्तक उत्तर देत नाही. प्रत्येकाला विचारायचं, एवढाच मार्ग आम्हाला सापडला. सगळ्या अर्जांमधून तीन पालकांनी ‘नाव नको’ वर खूण केली. त्यांना आम्ही कारण विचारलं नाही.

सिंह गेला, रेषा आली

आता लोगोकडे या. (‘लोगोचं काय झालं?’ असं तात्यांनी मला रोज विचारलं, तसं तुम्हीही विचारत असणार.)

मैत्रिणीने सिंह छापून कागद भिंतीवर लावला आणि सगळ्यांना दहा पावलं मागे जायला सांगितलं. तिथून तो पिवळा डाग दिसत होता. मग तोच लोगो मोबाइलवरच्या गोल डीपीएवढा करून दाखवला. त्यात तो मांजर झाला होता. तात्या स्वतःच हसले, आणि काम सोपं झालं.

नवं चिन्ह तिने अगदी साधं केलं. एक आडवी जाड रेषा म्हणजे मध्यरेषा, आणि तिच्याकडे झेपावणारा एक हात. पकडीतून सुटायला धडपडणाऱ्या प्रत्येक चढाईपटूचा जीव ज्या बोटांच्या टोकात असतो, तो हात. मुलाचा की मुलीचा, ते कळत नाही. मुद्दामच.

खेळासाठी सोपी चिन्हं ही काही आमची अक्कल नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानी न येणारे पाहुणे येणार होते, म्हणून प्रत्येक खेळासाठी साधी चित्रचिन्हं बनवली गेली. १९७२च्या म्युनिकमध्ये ओटल आयखर यांनी ती आणखी नेमकी केली. आजही खेळांच्या चिन्हांमध्ये त्यांची छाप दिसते. आम्ही तोच धडा मैदानावर गिरवला. पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृह, मुलींची खोली, वजनकाटा. पाच पाट्या, पाच चित्रं, खाली मराठीत नाव.

रंगांवर खरी लढाई झाली. लालवर सोनेरी अक्षरं ही आमच्याकडची परंपरा. पण मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजता येतो. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी तो निदान ४.५ : १ असावा लागतो. आमच्या जुन्या पोस्टरचा तीनच्याही खाली भरला. पण आकडे कुणाला पटतात? मावसभावाने दुपारी बाराच्या उन्हात मैदानाच्या मधोमध सचिवकाकांच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, ‘वाचा.’ काकांना चष्मा लावूनही वाचता येईना. स्पर्धेचे प्रेक्षक असेच उन्हात उभे असतात. शेवटी ठरलं गडद निळं आणि पांढरं. सोनेरी फक्त चषकाच्या फोटोत!

अक्षरांचं प्रकरण तर मराठी माणसाचं खास दुखणं. काकांनी मागच्या दहा वर्षांच्या विजेत्यांची यादी दिली ती छापखान्यात वापरतात त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. वेबसाइटवर चिकटवली, तर ‘कबड्डी’च्या जागी रोमन अक्षरं आणि खुणांची भेळ. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी गावोगावच्या छपाईच्या संगणकांवर अजून हा घोळ चालू आहे. म्हणून जुनी मंडळं सोपा उपाय करतात : मजकुराचं चित्रच बनवून टाकतात. आणि चित्रातलं नाव शोधून सापडेलच याचा भरवसा नाही. त्या चढाईपटू मुलाचं नाव नेमकं तिथेच हरवलं होतं. आम्ही दोन रात्री बसून दहा वर्षांची नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. फॉन्ट घेतला मुक्त. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला हा फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतो.

नाव कुणाला बोलावतं?

जुन्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘भव्य कबड्डी स्पर्धा’ होतं, खाली पकड करणाऱ्या पोरांचा फोटो, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘कुमारी गटासह’. आठ मुलींचे संघ दरवर्षी येत होते, आणि पोस्टरमध्ये त्या ‘सह’ होत्या.

नाव ही नुसती सजावट नसते, याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. २०१८ मध्ये दिल्लीत ‘खेलो इंडिया स्कूल गेम्स’ झाल्या. २०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीला त्याच स्पर्धा ‘युथ गेम्स’ नावाने झाल्या, कारण सतरा वर्षांखालच्या गटाबरोबर एकवीस वर्षांखालचा गटही आला होता. शाळेबाहेरच्या खेळाडूला ‘स्कूल’ या शब्दाने दारातच अडवलं असतं. (त्या वर्षी २२८ पदकं मिळवून महाराष्ट्र पहिला आला, हे जाता जाता.) आणि २०१८च्या ब्युनोस आयर्स युवा ऑलिम्पिकमध्ये मुलं आणि मुली यांची संख्या समसमान ठेवली होती.

आमचा बदल छोटा होता. ‘कुमार आणि कुमारी कबड्डी स्पर्धा’, दोन्ही शब्द एकाच आकारात. वेबसाइटवर जेवढे फोटो मुलांचे, तेवढेच मुलींचे. यावर बैठकीत कुणी वाद घातला नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, एवढंच.

पोस्टरवर वेळच टाकायची नाही

आता मूळ दुखणं. वेळापत्रक बदलणार, ते कुणाच्या हातात नाही. पाऊस येतो, वीज जाते, सामने लांबतात. मग आम्ही उलटा विचार केला. पोस्टरवर सामन्यांच्या वेळा छापायच्याच नाहीत. स्पर्धेच्या तारखा, ठिकाण आणि एक क्यूआर कोड. वेळा एकाच पानावर, साध्या मजकुरात, आणि वर ठळक ओळ : ‘शेवटचा बदल : आज, संध्याकाळी ६.४०’. पोस्टर कितीही दिवस फिरलं तरी त्याच ताज्या पानावर नेणार.

उघडल्या उघडल्या येणारा व्हिडिओ गेला, कारण डोंगरापलीकडच्या गावात एक काडी रेंज असते आणि तिथल्या पोरीला व्हिडिओ नको असतो, वेळ हवी असते. आश्रयदाते राहिले, पण वेळापत्रकाच्या खाली. एका आश्रयदात्याने नाराजी बोलून दाखवली. त्यांना आम्ही सांगितलं, ‘वेळापत्रकाचं पान रोज सगळे संघ उघडणार. त्याच्या खालीच तुमचं नाव आहे.’ ते मानले.

तरीही एक गोष्ट कबूल करते. हे सगळं दोन वर्षांपूर्वी असतं, तरी त्या मुलींचा सामना वाचला असताच असं नाही. सरांनी पान उघडलं नसतं तर? म्हणून वेबसाइटपेक्षा महत्त्वाचा ठरला एक नियम, जो तात्यांनी स्वतः सुचवला : वेळ बदलली, तर संघाच्या प्रशिक्षकाला फोन करायचा आणि त्यांच्याकडून ‘समजलं’ असं उत्तर आल्याशिवाय पुढे चाल द्यायची नाही. हा नियम आम्ही वेबसाइटवर अगदी वर टाकला. लोगोच्या शेजारी.

हे काम तुमच्याकडे आलं तर…

आणि येईलच. मंडळाचं, कॉलेजच्या क्रीडा महोत्सवाचं, सोसायटीच्या क्रिकेटचं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

• डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पहिल्या दिवशी विचारा. आमचं आधीचं डोमेन एका जुन्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर होतं, आणि तो नोकरीसाठी परगावी. आठवडा त्यातच गेला. मंडळाचा वेगळा ईमेल करा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा.

• लोगो तीन ठिकाणी तपासा : डीपीएवढा लहान, लांबून, आणि एका रंगात. जर्सीवर आणि प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर तो एका रंगातच येतो.

• अर्जात प्रत्येक रकान्यासमोर लिहा, ‘हे कशासाठी लागतं?’ उत्तर सुचलं नाही, तर रकाना काढा.

• वेबसाइट कोण करणार, याच्या आधी ती रोज कोण भरणार हे ठरवा. आमच्याकडे अकरावीतल्या दोघांनी पाळी लावून हे केलं.

• मजकूर मजकूरच ठेवा. चित्र करू नका.

• दुपारच्या उन्हात, स्वस्तातल्या फोनवर, कमी रेंजमध्ये एकदा स्वतः उघडून बघा.

पहिली संध्याकाळ

जानेवारी उजाडला. पहिल्याच संध्याकाळी सातला नेट गेलं. मैदानावर शेकडो लोक, एकच टॉवर. निकाल चढेनात. मावसभावाचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा अकरावीतल्या त्या दोघांनी शाळेतून फळा आणला, वेबसाइटवर होता तसाच तक्ता खडूने आखला आणि प्रवेशदाराशी उभा केला. बाहेरगावच्या प्रशिक्षकांना फोन सुरू झाले. नेट साडेआठला आलं. त्या दीड तासात एकही सामना चुकला नाही. दुसऱ्या दिवशीपासून फळा कायमच ठेवला. आमच्या रीडिझाइनचा सगळ्यात लोकप्रिय भाग तोच ठरला, हे मैत्रिणीला अजून पचलेलं नाही.

तो संघ या वर्षी आला. बारापैकी सात मुली नव्या, बाकीच्या वयाबाहेर गेल्या होत्या. त्यांचा एक हंगाम परत मिळणार नाही, तो कुठलीच वेबसाइट देऊ शकत नाही. सरांनी पान उघडून वेळ बघितली होती, तरी पहाटे पाचला मला फोन केलाच : ‘मॅडम, दहाच ना नक्की?’ मी म्हटलं, ‘दहाच, सर.’ एकदा तुटलेला विश्वास एका लोगोने जुळत नाही. त्यांनी अजून दोन-तीन वर्षं फोन केला, तरी माझी हरकत नाही.

पहिला सामना त्या जिंकल्या. दुसरा चार गुणांनी हरल्या, पण या वेळी मॅटवर. हरल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्यातली एक मुलगी, गुडघ्याला माती लागलेली, आमच्या टेबलापाशी आली. मला वाटलं, पंचांची तक्रार असणार.

‘ताई, वेबसाइटवर माझ्या नावात ‘ण’ पाहिजे. तुम्ही ‘न’ टाकलाय.’

मावसभावाने तिथेच दुरुस्त केलं. मिनिटभरही लागलं नाही. तिने स्वतःच्या फोनवर पान पुन्हा उघडलं, नीट बघितलं, स्क्रीनशॉट घेतला.

‘घरी पाठवते,’ म्हणाली, आणि एसटी चुकेल म्हणून पळाली.